सिक्स-एमपी सुरू होण्याआधी: जनुक तपासणी करावी, की काउंटवरच भिस्त ठेवावी?

इंडक्शनचा, म्हणजे उपचाराच्या पहिल्या टप्प्याचा, महिना संपतो, बोनमॅरोचा रिपोर्ट चांगला येतो आणि एएलएल हा ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झालेल्या बहुतेक मुलांना पुढच्या टप्प्यात मर्कॅप्टोप्युरीन सुरू होतं. वॉर्डात त्याला सगळे सिक्स-एमपी म्हणतात. पुढे मेंटेनन्स या शेवटच्या लांब टप्प्यात दीड-दोन वर्षं हीच गोळी रोज घ्यायची असते. म्हणून हे औषध मुलाला किती झेपेल हे सांगणाऱ्या टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या जनुकांची तपासणी करायची की सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, म्हणजेच काउंट) बघत डोस कमी-जास्त करायचा, हे इंडक्शन चालू असतानाच ठरवलेलं बरं. माझ्या भाच्याच्या वेळी आम्ही फक्त सीबीसीवर गेलो, कारण अशी तपासणी असते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या पांढऱ्या पेशी एवढ्या पडल्या की ताप भरला, ऍडमिट करावं लागलं आणि गोळी महिनाभर बंद राहिली.

तरीही काउंटवर डोस ठरवण्याची पद्धत मी टाकाऊ म्हणणार नाही. हे औषध अमेरिकेत १९५३ पासून वापरात आहे आणि कितीतरी मुलं केवळ नियमित सीबीसीच्या आधारावर बरी झाली आहेत. अडचण एवढीच, की काउंट नुकसान झाल्यानंतर बोलतो. सिक्स-एमपीचा मॅरोवरचा परिणाम दिसायला आठवडे लागतात. बहुतेक मुलांना तेवढा उशीर चालून जातो. पण ज्या मुलाच्या यांपैकी एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली) सदोष आहेत, त्याच्यासाठी पूर्ण डोसचे ते पहिले आठवडेच जिवावर बेतू शकतात.

टीपीएमटी हे एन्झाइम औषधाचा एक भाग निकामी करतं, तर एनयूडीटी१५ औषधाच्या सक्रिय रूपाला डीएनएत शिरण्याआधी थोपवतं. दोघांपैकी एक जरी कमजोर असलं, तरी नेहमीचा डोस त्या मुलाला भारी पडतो.

टीपीएमटीचा बोलबाला जास्त आहे, कारण सुरुवातीचं संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झालं. त्यांच्यात साधारण १० टक्के लोकांची एक प्रत सदोष असते आणि ३०० पैकी एकाच्या दोन्ही. आपल्याकडे टीपीएमटीचे दोष त्याहून कमी आढळतात आणि एनयूडीटी१५चे जास्त. या दुसऱ्या जनुकाचा संबंध २०१४ मध्ये कोरियात क्रोन्स या आतड्याच्या आजाराच्या रुग्णांमध्ये लक्षात आला. २०१५ मध्ये ल्युकेमियाच्या मुलांवरचा अभ्यास आला. दोन्ही प्रती सदोष असलेल्या मुलांना ठरलेल्या डोसचा सरासरी ८.३ टक्केच झेपला, एक प्रत सदोष असलेल्यांना ६३ टक्के आणि दोन्ही चांगल्या असलेल्यांना ८३.५ टक्के. त्यामुळे भारतीय मुलासाठी नुसती टीपीएमटी करून समाधान मानणं मला अर्धवट वाटतं. खरोखर एकीचेच पैसे असतील, तर मी एनयूडीटी१५ निवडेन.

काही ठिकाणी जनुकाऐवजी टीपीएमटी एन्झाइमची पातळी मोजतात. ल्युकेमियाच्या मुलासाठी ती फसवी ठरू शकते. ती लाल पेशींत मोजली जाते, आणि आपल्या मुलाला नुकतंच रक्त चढवलं असेल तर रक्तदात्याच्या पेशीही त्यात मोजल्या जातात. हा गोंधळ दोन-तीन महिने राहू शकतो. शिवाय एनयूडीटी१५बद्दल ती काहीच सांगत नाही. मेथोट्रेक्सेट हे एएलएलचं दुसरं औषध सोसेल का हे बघायला म्हणून एमटीएचएफआर या आणखी एका जनुकाची तपासणीही सुचवली जाते. तिच्या निकालावरून डोस बदलण्याइतका भक्कम पुरावा नाही, त्यामुळे तिच्यावर मी खर्च करणार नाही.

रिपोर्ट आल्यावर काय बदलतं? जनुकांनुसार औषधाचे डोस सुचवणाऱ्या सीपीआयसी या गटाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार दोन्ही जनुकं नीट असतील तर नेहमीचाच डोस. कोणत्याही एका जनुकाची एक प्रत सदोष असेल, तर नेहमीच्या डोसच्या ३० ते ८० टक्क्यांपासून सुरुवात. एनयूडीटी१५च्या दोन्ही प्रती सदोष असतील तर शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला रोज १० मिलीग्रॅम. टीपीएमटीच्या दोन्ही असतील तर डोस एक दशांश, तोही आठवड्यातून तीनदाच. पुढचं सगळं पुन्हा सीबीसीवरच ठरतं.

इथे पालकांची एक चूक होते, आणि ती मला सगळ्यांत जास्त सलते. रिपोर्टमध्ये 'सदोष' दिसलं की घाबरून घरीच गोळी अर्धी केली जाते. गरजेपेक्षा कमी औषध म्हणजे आजार उलटण्याचा धोका. काउंट वर राहत असतील, तर सदोष प्रत असलेल्या मुलाचाही डोस डॉक्टर वाढवतात. उलट रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून सीबीसी चुकवता येत नाही. साधं व्हायरल इन्फेक्शन किंवा सेप्ट्रान हे अँटिबायोटिकसुद्धा पेशी खाली आणू शकतं.

पैसे जमत नसतील तर तसं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा आणि सुरुवातीचे काही आठवडे सीबीसी किती वेळा करायची ते ठरवून घ्या. तपासणी करणार असाल तर नमुना इंडक्शनमध्येच द्या, म्हणजे पहिल्या गोळीआधी रिपोर्ट हातात येईल. लॅबला विचारा की एनयूडीटी१५चे कोणते बदल बघता. सी.४१५ हा मुख्य बदल त्यात हवाच, पण पहिल्या एक्झॉनमधलेही (जनुकाच्या पहिल्या तुकड्यातलेही) बघत असतील तर उत्तम.

ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते, म्हणून रिपोर्ट फाइलमध्ये सर्वांत वर लावा. पुढे कधी कुणी मुलाला अझाथायोप्रीन लिहून दिलं तर तो दाखवा, कारण ते औषध शरीरात गेल्यावर सिक्स-एमपीच बनतं. दोष सापडला असेल तर भावंडांच्या डॉक्टरांच्याही कानावर घाला.