आधी रक्तस्राव थांबवा : ठाण्यातील एका प्रथमोपचार कार्यशाळेविषयी

नौपाड्यात एका खासगी संस्थेतर्फे घेतली जाणारी अर्ध्या दिवसाची प्रथमोपचार कार्यशाळा नावावरून नेहमीची वाटते. परंतु तिचे मार्गदर्शक हे पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडून पुढे लष्कराच्या पॅरा विशेष दलात (छत्रीने उतरून खास मोहिमा करणाऱ्या दलात) सेवा केलेले निवृत्त लष्करी डॉक्टर असल्यामुळे तिचा गाभाच वेगळा आहे.

पहिल्या सत्रात सर अशा दलातील वैद्यकीय सेवेविषयी बोलतात, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटले. १९५१ मध्ये कोरियात अमेरिकी छत्रीधारी सैनिकांसह उडी घेतलेल्या ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स या भारतीय लष्कराच्या वैद्यकीय तुकडीचा आणि तिचे प्रमुख, महावीर चक्राचे मानकरी लेफ्टनंट कर्नल रंगराज यांचा उल्लेख ते फार आदराने करतात. अशा तुकडीतील डॉक्टरला जवानांइतकेच कणखर असावे लागते. तरीही गोळी लागते त्या क्षणी तो बहुधा शेजारी नसतो, म्हणून प्रत्येक जवानाला उपचार शिकवणे हेच त्याचे मोठे काम ठरते. अमेरिकी लष्कराच्या ७५व्या रेंजर रेजिमेंट या विशेष तुकडीने हेच केले. तिच्या २००१ ते २०१० या काळातील ४१९ हताहतांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांतील ३२ मृत्यूंपैकी एकही रुग्णालयापूर्वी अधिक उपचार मिळाल्याने टळला असता, असे आढळले नाही.

प्रात्यक्षिकात हातापायातून जोरात रक्त वाहत असल्यास टूर्निके (रक्तस्राव थांबवण्यासाठी आवळायचा पट्टा) जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा टाळून, रक्त थांबेपर्यंत आवळायचा आणि वेळ लिहून ठेवायची, हे करून घेतले जाते. श्वसनमार्गाकडे त्यानंतर वळायचे. घोडबंदर रस्त्यावर अपघात झाला की आपण जखमीला आधी पाणी पाजायला धावतो, त्या सवयीवर सरांनी कठोर शब्दांत बोट ठेवले, ते योग्यच झाले.

उणीव सरावाची आहे. गटाच्या मानाने टूर्निके फारच कमी असल्यामुळे अनेकांना तो एकदाच हाताळता आला, आणि हे कौशल्य हाताला सवय झाल्याशिवाय येत नाही. शिवाय माहितीपुस्तिका केवळ इंग्रजीत आहे. आमच्या गटात सोसायट्यांचे सुरक्षारक्षक आणि रिक्षाचालकही होते. अपघाताच्या जागी सर्वांत आधी पोहोचणारी हीच माणसे असल्याने, संस्थेने पुढील सत्रापूर्वी मराठी पुस्तिका छापावी आणि त्यांच्याकडून शुल्क घेऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.