आजीच्या ऐंशीला कोणता सिनेमा लावायचा: एल्विस, क्लिफ की किशोर?

डिसेंबरात आमच्या आजीला ऐंशी पूर्ण झाली. हॉल घ्यायचा नाही, केटरर बोलवायचा नाही, इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्याच घराच्या गच्चीवर चादर ताणून सिनेमा बघायचा आणि सोबतीला गरम गराडू (तळून मसाला लावलेला कंद), एवढंच ठरलं होतं. सिनेमा निवडायचं काम माझ्याकडे आलं. आजीची अट तिनं स्वतःच सांगितली, "मारामारी नको, रडारड नको. गाणी भरपूर हवीत, आणि पडद्यावर जो गातोय तो खरंच गाणारा हवा. दुसऱ्याच्या गळ्यावर ओठ हलवणारा नको."

या अटीत बसणारे तीन सिनेमे माझ्यापुढे उरले. एल्विस प्रेस्लीचा ‘ब्लू हवाई’ (१९६१), ब्रिटिश पॉप गायक क्लिफ रिचर्डचा ‘समर हॉलिडे’ (१९६३) आणि किशोरकुमारचा ‘चलती का नाम गाडी’ (१९५८). तिन्ही मी घरातल्या निरनिराळ्या माणसांसोबत आधी बघून घेतले. असाच प्रश्न पुढे असलेल्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधी सांगते. अशा सिनेमात कथा नावापुरतीच असते. मुलगा भेटतो, मुलगी रुसते, शेवटी सगळं जमतं. त्यामुळे कथेवरून निवड करायला गेलात तर तिन्ही सारखेच वाटतील. बघायचं ते एवढंच की बोलता बोलता गाणं सुरू कुठून होतं. त्या माणसाला आता गायल्यावाचून राहवत नाही असं वाटलं तर सिनेमा जमला. नाहीतर मधे मधे रेकॉर्ड लावल्यासारखं होतं.

‘ब्लू हवाई’मध्ये हे दोन्ही होतं. चॅड गेट्स, म्हणजे एल्विस, सैन्यातून घरी परततो. आईवडिलांना वाटतं, त्यानं अननसाच्या धंद्यात यावं. त्याला ते नको असतं, म्हणून तो पर्यटकांचा गाईड होतो. एल्विस स्वतः १९६० मध्ये सैन्यातून सुटला होता, त्यामुळे तेव्हाच्या प्रेक्षकाला तो आपलाच घरी आलेला मुलगा वाटला असणार. साउंडट्रॅकवर १४ गाणी आणि सिनेमा पावणेदोन तासांच्या आतला. म्हणजे एक गाणं संपून जरा कुठे बोलणं होतंय तोच दुसरं सुरू. त्यातली निम्मी गाणी समुद्र, वाळू आणि गिटार दाखवण्यापुरती आहेत, ती आली आणि गेली. तो अल्बम मात्र अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत २० आठवडे पहिल्या क्रमांकावर होता.

पण त्यात एक प्रसंग आहे, आणि त्या एका प्रसंगासाठी मी हा सिनेमा यादीतून काढू शकले नाही. नायिकेच्या आजीचा वाढदिवस असतो. चॅड तिला संगीताची छोटी पेटी भेट देतो. आजी झाकण उघडते, आतून बारीक किणकिणत सूर येतात आणि तो त्या सुरांना धरून हळूच गायला लागतो. ते गाणं म्हणजे ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’. चालीचं मूळ अठराव्या शतकातल्या ‘प्लेझिर दामूर’ या फ्रेंच गाण्यात आहे. आज जगभर ते लग्नात वाजतं, प्रियकर प्रेयसीला म्हणतो. सिनेमात मात्र ते एका म्हातारीच्या वाढदिवसाला, घरच्या माणसांत उभं राहून म्हटलेलं आहे. आवाज कुठेही चढत नाही. पेटीच्या किणकिणाटावर जाईल इतकाही तो मोठा होत नाही. गाणं कुठून सुरू व्हावं याचा याहून चांगला नमुना मला तिन्ही सिनेमांत मिळाला नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. पर्यटक मुलींच्या गटातली एक हट्टी, दुःखी मुलगी समुद्रात जीव द्यायला निघते आणि चॅड तिला वाचवून, मांडीवर आडवी घालून फटके मारतो. सिनेमा हे गमतीत घेतो. मला ते बघवलं नाही. माझी सोळा वर्षांची भाची शेजारी होती, तिनं विचारलं, "मावशी, ह्यात हसायचं काय आहे?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. घरातल्या आशियाई नोकराचं पात्रही आज बघताना अवघड वाटतं. एल्विसच्या आईचं काम अँजेला लॅन्सबरीनं केलं आहे. ती त्याच्याहून जेमतेम नऊ-दहा वर्षांनी मोठी, पण असली झकास आई उभी केली आहे की तो आकडा आठवतही नाही.

‘समर हॉलिडे’ आणि ‘चलती का नाम गाडी’ शेजारी शेजारी ठेवले की गंमत दिसते. दोन्हीत नायक मेकॅनिक. दोन्हीत मुलींची गाडी बंद पडते, म्हणूनच त्या नायकांच्या वाटेत येतात. दोन्हीत गाडी हेच एक पात्र. पण एक गाडी लंडनहून थेट अथेन्सला जाते आणि दुसरीची खरी गोष्ट गॅरेजच्या चार भिंतींत घडते.

क्लिफची गाडी म्हणजे लंडनची लाल दुमजली बस. सिनेमा काळ्यापांढऱ्यात सुरू होतो, सुट्टीवर आलेली माणसं पावसात भिजतायत. मग ती बस येते आणि पडदा रंगीत होतो. माझा सात वर्षांचा भाचा तिथे उठून उभा राहिला. चार मेकॅनिक बसचंच घर करून युरोपच्या रस्त्याला लागतात, वाटेत तीन गाणाऱ्या मुली भेटतात आणि लपूनछपून एक ‘मुलगा’ बसमध्ये शिरतो. तो खरं म्हणजे आईच्या जाचाला कंटाळून पळालेली अमेरिकन पॉप गायिका असते. इथे आजीची अट थोडी मोडते. खरा पॉप गायक क्लिफ मेकॅनिक झाला आहे आणि गायिकेचं काम करणाऱ्या लॉरी पीटर्सची गाणी ग्राझिना फ्रेमनं गायली आहेत. क्लिफचा आवाज मात्र त्याचाच, आणि साथीला त्याचा वाद्यवृंद, शॅडोज. दिग्दर्शक पीटर येट्सचा हा पहिला सिनेमा.

गाणी गोड आहेत. ‘बॅचलर बॉय’ मुलांना एकदा ऐकून पाठ होतं. पण क्लिफला कधी आतून काही झाल्यासारखं वाटत नाही. तो हसरा, नीटनेटका, सगळ्यांशी चांगला, आणि गाणंही तसंच म्हणतो. युगोस्लाव्हियातला भाग आणि मूकनाट्यवाल्यांचा प्रसंग लांबतो, तिथे मोठी माणसं मोबाईल काढतात. मुलं मात्र बघत राहतात, कारण तिथे न बोलता बरंच काही कळतं. हाच क्लिफ १९४० मध्ये लखनऊत जन्मला हे बाबांना सांगितल्यावर ते पुढचा सिनेमा सावरून बसून बघायला लागले.

आणि किशोर. खंडव्याचा गांगुलींचा मुलगा, इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेला. इथे प्रत्येक जुन्या घरात त्याची एखादी गोष्ट सांगतात. कॉलेजच्या कँटीनची पाच रुपये बारा आणे उधारी राहिली आणि तीच पुढे या सिनेमात गाणं होऊन आली, ही त्यातली सगळ्यांत लाडकी. सिनेमात मात्र उधारी मधुबालेची आहे. पावसाळी रात्री तिची गाडी दुरुस्त करून दिली, ती पैसे न देताच गेली आणि मन्नू, म्हणजे किशोर, ते वसूल करायला तिच्या मागे लागला.

त्या रात्रीचं ‘एक लड़की भीगी भागी सी’ नीट बघा. तिथे नाच नाही, बाग नाही. एक गाडी, हातात अवजारं, भिजलेली मुलगी आणि झोपमोड झालेला मेकॅनिक. तो पत्र्यावर ठोकतो आणि त्या ठोक्यातून ताल निघतो. तालावर तो गुणगुणायला लागतो आणि आपण गातोय हे त्याचं त्यालाच जरा उशिरा कळल्यासारखं वाटतं. चालीवर ‘सिक्स्टीन टन्स’ या अमेरिकन गाण्याची छाप आहे. मूळ गाणं कोळशाच्या खाणीतल्या मजुराचं, कंपनीच्या दुकानाच्या उधारीत बुडालेल्याचं. सचिनदेव बर्मन आणि मजरूह सुलतानपुरींनी त्यातून पावसातलं हे हळूच खोडी काढणारं गाणं काढलं, आणि योगायोग असा की आपल्याकडच्या गोष्टीतही उधारी राहिलीच.

शिवाय तिघे सख्खे भाऊ, अशोक, किशोर आणि अनूप, पडद्यावरही भाऊच आहेत. त्यामुळे त्यांची भांडणं खरी वाटतात. थोरला बाईमाणसाला गॅरेजमध्ये फिरकू देत नाही, त्यावरून जे काही चालतं त्याला आमच्याकडे सगळ्यांत जास्त हशा पडला.

याचा दोष म्हणजे लांबी. सिनेमा पावणेतीन तासांच्या घरात जातो आणि उत्तरार्धात के. एन. सिंगचा खलनायक, डांबून ठेवणं, मारामारी असं सगळं येतं. आजीची पहिली अट तिथे मोडते. तो भाग मला आवडत नाही, पण टाळून पुढे जायलाही मन होत नाही, कारण मधेच गाणं असतं.

तर निवड अशी करा. जमलेल्यांत लहान मुलं जास्त असतील आणि कुणाला इंग्रजीची अडचण नसेल तर ‘समर हॉलिडे’. चार-सहा मोठी माणसंच असतील, वेळ कमी असेल, तर ‘ब्लू हवाई’, पण तो फटक्यांचा प्रसंग कुठे येतो ते आधी बघून ठेवा. आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे असतील, निम्म्यांना खालची इंग्रजी अक्षरं वाचायला चष्मा शोधावा लागणार असेल, तर दुसरा विचार नको, ‘चलती का नाम गाडी’च लावा.

आम्ही तोच लावला. पडद्यावर पाऊस सुरू झाला तशी आजी हातातल्या स्टीलच्या वाटीवर चमच्यानं ठोके द्यायला लागली, गराडू तसेच राहिले. मध्यंतरासारखं थांबलो तेव्हा मी तिला ‘ब्लू हवाई’तला वाढदिवसाचा तेवढा प्रसंग वेगळा काढून दाखवला. इंग्रजी तिला येत नाही. ती म्हणाली, "हा मुलगा त्या बाईंसाठी गातोय ना? पुन्हा लाव."

किशोरचा सिनेमा लावणार असाल तर साडेसहाला सुरू करा. सव्वानऊ-साडेनऊला संपतो, आणि त्यानंतर सगळ्यांना घेऊन सराफ्यात, रात्रीच्या खाऊच्या बाजारात, जाता येतं.