एका हाताने उचललेली कॅराव्हॅन

तळोजा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये त्या माणसाने आमच्या डोळ्यांदेखत कॅराव्हॅनचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या छोट्या घराचा, पुढचा दांडा एका हाताने उचलला आणि म्हणाला, "बघा ताई, जेमतेम साडेसहाशे किलो. तुमच्या सेव्हन सीटरला मागे काही लावलंय हे कळणारसुद्धा नाही." मी तिथेच भुलले. ज्या गोष्टीला भुलले, तीच त्या कॅराव्हॅनमधली सगळ्यात घातक गोष्ट होती. ते कळेपर्यंत पाच लाख दहा हजार रुपये गेले होते आणि कर्नाळ्याच्या उतारावर आमचे सहा जणांचे जीव थोडक्यात वाचले होते. कुटुंबाच्या गाडीमागे कॅराव्हॅन जोडून फिरायचं कुणाच्या मनात असेल, तर पैसे देण्याआधी हे पूर्ण वाचा.

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. बाबांना पार्किन्सन्स आहे. त्यांना दर दीड-दोन तासांनी बाथरूमला जावं लागतं, आणि हायवेवरच्या हॉटेलांतल्या संडासाच्या दोन पायऱ्याही आता त्यांना चढवत नाहीत. गाव गुहागरकडे. चार वर्षं झाली, गणपतीला घर उघडलं नव्हतं. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून मिस्टरांच्या डोक्यात हे घोळत होतं: आपला पलंग, आपलं कमोड घेऊन गावी जायचं. इंजिनसकट येणारी मोठी कॅराव्हॅन आमच्या आवाक्याबाहेरची होती. मग ऑगस्ट 2024 मध्ये ओळखीच्या एकाकडून या शेडवाल्याचा नंबर मिळाला. तो गाडीमागे ओढायची कॅराव्हॅन बनवून देतो, टो हुक लावून देतो आणि पासिंगही करून देतो, असं सांगितलं.

माणूस बोलायला अतिशय गोड. बाबांना "काका, तुमच्यासाठी बाथरूमचा उंबरठाच काढून टाकतो" म्हणाला आणि खरंच काढला. कमोडशेजारी धरायला स्टीलचा दांडा लावला. आजारी माणसाची एवढी काळजी करणारा आपल्याला फसवेल, हे मनात येत नाही. पन्नास हजार टोकन यूपीआयने दिलं. पुढचे सगळे हप्ते त्याने रोख मागितले, "बँकेतून दिलेत तर जीएसटी वर चढेल." आम्ही ऐकलं. ही आमची चूक, आणि तिची किंमत आज तक्रारीच्या प्रत्येक टप्प्यावर मोजतो आहोत, कारण उरलेल्या चार लाख साठ हजारांचा कागदावर पुरावा म्हणावा असा काहीच नाही. लेटरहेडवर एक बिल मिळालं. त्यावरचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होत होता, म्हणजे महाराष्ट्राचाच, म्हणून खरा वाटला. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही असा क्रमांक तपासता येतो. मी तो तपासला डिसेंबरमध्ये. भलत्याच नावावर होता आणि कधीच रद्द झालेला होता.

आता त्या एका हाताने उचलण्याबद्दल. एकाच अ‍ॅक्सलची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांची एकच जोडी असलेली, ही मध्ये टेकू दिलेली फळी. वाशीच्या मार्केटात हमाल दोनचाकी हातगाडीवर पोती रचताना मागेपुढे करून दांडा हलका करून घेतात ना, तसंच. दांडा हलका लागला म्हणून पोत्यांचं वजन कमी होत नाही. आमच्या कॅराव्हॅनमध्ये शंभर लिटरची पाण्याची टाकी अगदी मागच्या भिंतीला होती आणि त्या दिवशी ती काठोकाठ भरलेली होती. मागच्या पलंगाखाली इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या होत्या. चाकांच्या मागे दोनशे किलोंच्या वर वजन, म्हणून पुढचा दांडा हाताला पिसासारखा लागत होता.

खरं तर दांडा हलका लागणं ही भीतीची खूण आहे. हुकाच्या बॉलवर, म्हणजे ज्या गोळ्यावर दांडा बसतो त्यावर, कॅराव्हॅनच्या एकूण वजनाच्या साधारण 5 ते 7 टक्के भार पडायला हवा. तो कमी पडला की वेगात कॅराव्हॅनचं शेपूट डोलायला लागतं, आणि एकदा डोलायला लागलं की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. तळोज्याहून शिळफाटा-महापे मार्गे आम्ही ती घरी आणली तेव्हा ट्रॅफिकमध्ये तीसच्या वर वेग गेलाच नाही, त्यामुळे काहीच जाणवलं नाही. सोसायटीच्या गेटवर आईने नारळ फोडला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी पहाटे निघालो. शेडवाल्याने सांगितलं होतं, "काकांना मागे पलंगावर झोपवून न्या, आरामात जातील." आईने ठाम नकार दिला. "मला ते डोळ्यांसमोर हवेत," म्हणाली. बाबा मधल्या सीटवर बसले. चालत्या कॅराव्हॅनमध्ये कुणालाही, कितीही आजारी असला तरी, बसवू नका. आईने त्या दिवशी हट्ट धरला नसता तर काय झालं असतं, याचा विचार मला आजही करवत नाही.

पळस्पे फाटा सोडला, कर्नाळ्याची चढण संपली, उतार लागला. वेग साठ-पासष्ट असेल. उजवीकडून एक एसटी जोरात पुढे गेली आणि तिच्या हवेचा धक्का बसला. आधी स्टेअरिंग हलकं झाल्यासारखं वाटलं, असं मिस्टर नंतर म्हणाले. मी डावीकडच्या आरशात बघत होते. आरशात कॅराव्हॅनचं दार दिसलं, मग नुसता रस्ता, मग पुन्हा दार, आणि या खेपेला ते पूर्ण आडवं. मिस्टरांनी ब्रेक दाबला तशी मागून ढुशी बसल्यासारखी गाडी पुढे ढकलली गेली आणि शेपूट आणखी फेकलं गेलं. मुलगी किंचाळली. बाबांनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. त्यांचे हात एरवी थरथरतात, तेव्हा अजिबात थरथरत नव्हते. घाबरून मिस्टरांचा पाय ब्रेकवरून सुटला, स्टेअरिंग मात्र त्यांनी सरळ धरून ठेवलं, आणि त्यानेच आम्ही वाचलो. अशा वेळी तेच करायचं असतं, हे आम्हाला नंतर कळलं: ब्रेक दाबायचा नाही, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा.

कडेला थांबलो. मागचा एक ट्रकवाला उतरून आला. त्याने काही न विचारता कॅराव्हॅनचा दांडा हुकातून सोडवला, हाताने वर केला आणि म्हणाला, "ताई, हे असं हलकं लागतंय म्हणजे मागं वजन लई झालंय. ही घेऊन घाट उतरू नका." शेडमध्ये जे बघून आम्ही पैसे मोजले होते, तेच बघून तो ट्रकवाला घाबरला होता.

थोड्या वेळाने हायवे पोलीस आले. त्यांनी कॅराव्हॅनची आरसी मागितली. "ओरिजिनल आठ दिवसांत पोस्टाने येईल" म्हणून मिळालेली झेरॉक्स आम्ही दाखवली. त्यांनी नंबर मोबाईलवर टाकला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. वाहनाचा प्रकार: ट्रेलर, अ‍ॅग्रिकल्चरल. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणा शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा नंबर आमच्या कॅराव्हॅनला लावला होता. एमपरिवहन अ‍ॅप माझ्या फोनमध्येही होतं. मी ते फक्त आमच्या गाडीचा विमा कधी संपतो हे बघायला वापरत असे.

याच्या आधी, आरसीला उशीर का होतोय असं विचारलं होतं, तेव्हा शेडवाला म्हणाला होता की 750 किलोच्या आतल्या ट्रेलरला पासिंग लागतच नाही, आम्ही तुमच्या समाधानासाठी करून देतोय. यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणून ते पचतं. 750 किलोंपर्यंतचे ट्रेलर सर्वांत हलक्या गटात, टी-1 मध्ये धरतात. युरोपात तेवढ्या वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतं. पण नोंदणीचा त्याच्याशी संबंध नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 61 प्रमाणे नोंदणीचे नियम ट्रेलरलाही लागू आहेत. आणि अशा वाहनांसाठी नोंदणीत 'कॅम्पर व्हॅन / ट्रेलर' असा स्वतंत्र प्रकार आहे, खाजगी वापराचा वेगळा. विकणाऱ्याने आरसी दाखवली की प्रकाराच्या रकान्यात काय लिहिलंय ते आधी वाचा.

कॅराव्हॅन तिथून क्रेनने कळंबोलीला आणली. लोखंड बाजाराच्या भागात ट्रकांसाठी वजनकाटे आहेत. एकावर ती सुटी उभी केली. पावती अजून माझ्याकडे आहे: 1,260 किलो. आमची गाडी रिकामी बाराशेच्या आसपास भरते. म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा ओढली जाणारी जड. नवख्या माणसाने गाडीच्या रिकाम्या वजनाच्या 85 टक्क्यांपेक्षा जड कॅराव्हॅन मागे लावू नये, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने आमची मर्यादा हजारभर किलोंची होती, आणि तीही गाडी मुळात ओढण्यासाठी बनवलेली असती तर. घरी येऊन मी पहिल्यांदा गाडीचं मॅन्युअल काढून वाचलं. ट्रेलर ओढू नये, असं त्यात एका ओळीत छापलेलं होतं. मग घरातला वजनाचा काटा नेऊन दांड्याखाली ठेवला. टाकी भरलेली असताना 11 किलो. हवे होते साठच्या वर.

कळंबोलीच्या मेकॅनिकने एकेक गोष्ट उघडून दाखवली. चाकांचे ड्रम बाहेरून नवे रंगवलेले, आत ब्रेक शू नाहीत, नुसती पोकळ डबी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर 2814 होतं, म्हणजे 2014 च्या अठ्ठाविसाव्या आठवड्यातलं, दहा वर्षांचं टायर, वर काळं पॉलिश. हुकाचा बॉल 50 मिलिमीटरचा हवा. लेथवर घडवलेला आमचा बॉल व्हर्नियरने 48 भरला, म्हणजे एखाद्या मोठ्या खड्ड्यात बॉलवर बसणारं दांड्याचं सॉकेट वर उचललं जाऊन सुटूही शकलं असतं. आणि टो हुक गाडीच्या चेसिसच्या भागाला न धरता डिकीच्या तळाच्या पत्र्याला चार बोल्टांनी कसला होता. त्या चारही भोकांचा आकार लांबट झाला होता. मी बोट घालून बघितलं. पत्र्याची कड ब्लेडसारखी वर आली होती आणि तिथल्या पांढऱ्या रंगाला बारीक तडे गेले होते. हे सगळं बाबांच्या सीटच्या मागे हातभर अंतरावर.

शेडवाल्याला फोन केला तर पहिले चार दिवस "ताई, एजंट गावाला गेलाय." मग फोन बंद. शेडवर गेलो तर कुलूप. शेजारच्या कारखान्यातले म्हणाले, जागा महिन्याच्या भाड्याने होती. दारात ठाण्याचे एक गृहस्थ उभे होते, त्यांचेही तीन लाख अडकलेत.

आम्ही काय केलं तेही सांगते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार दिली. आणि जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तो आपण राहतो त्या जिल्ह्यात लावता येतो, मुदत दोन वर्षांची असते, आणि पाच ते दहा लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी फक्त 200 रुपये आहे. पाच लाखांपर्यंत तर फीच नाही. रक्कम गेली म्हणून गप्प बसणाऱ्यांना हे माहीत नसतं. वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "लेखी काय आहे?" यूपीआयची पावती, काट्याची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्याचे आवाजी निरोप आणि एक व्हिडिओ. मोबाईलमधला पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

कॅराव्हॅन अजून कळंबोलीच्या यार्डात ताडपत्रीखाली आहे. महिन्याचं भाडं दोन हजार. टो हुक काढून डिकीचा पत्रा नवीन बसवला. बाबांना माघी गणपतीला पनवेलहून चिपळूणपर्यंत रेल्वेने नेलं, एसी डब्यात, बाथरूमजवळची खालची सीट मिळाली. चिपळूणहून पुढे गाडीने. घर उघडलं.

तो व्हिडिओ मुलीने शेडमध्ये हौसेने काढला होता. चाळीस सेकंदांचा आहे. त्यात तो माणूस एका हाताने दांडा उचलून धरतो, "साडेसहाशे किलो" हे त्याच्या तोंडून स्पष्ट ऐकू येतं, आणि मागून बाबांचा आवाज येतो, "हलकी आहे हो, खरंच हलकी आहे." आयोगापुढे तो पेन ड्राइव्हमध्ये दाखल केलाय. पुढची तारीख जूनमधली आहे.