मुंढव्याची ताजी बिअर आणि बालेवाडीची रात्र

पुण्यात तयार होणारी ताजी बिअर आज देशातल्या कोणत्याही शहराच्या तोडीची आहे, पण ती प्यायला जाण्यायेण्याची सोय मात्र त्या तोडीची नाही. मायक्रोब्रुअरीचे, म्हणजे बिअर तिथेच बनवून तिथेच विकणाऱ्या जागेचे, परीक्षण बहुधा चव, किंमत आणि बसण्याची जागा यांवरच संपते. मला ते अपुरे वाटते. बिअर पिऊन बाहेर पडलेला माणूस घरी कसा पोहोचतो आणि ज्या इमारतीच्या तळमजल्यावर ती विकली जाते तिथल्या चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबाला झोप लागते की नाही, हाही त्या सेवेचाच भाग आहे. म्हणून येथे मी बिअरविषयी तर लिहिणार आहेच, पण तिच्याभोवती झपाट्याने वाढलेल्या शहराविषयीही लिहिणार आहे.

महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी पुण्यात निघाली, हे अनेक पुणेकरांच्याही लक्षात नसते. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी २००९ मध्ये कोरिंथियन्स क्लबच्या आवारात ‘डूलाली’ सुरू केली आणि ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रुअरने तिथल्या बिअरला आकार दिला. तोपर्यंत शहरात बिअर म्हणजे परमिट रूममधली बर्फगार, बहुधा ‘स्ट्राँग’ बाटली. गढूळ दिसणारी, फेसाळ, केळ्याचा वास असणारी गव्हाची बिअर पहिल्यांदा हातात आली तेव्हा ती बिघडली आहे की काय, असे विचारणारे लोक माझ्या ओळखीत होते. पुढे डूलालीने मुंबई गाठली, पण पुण्यात लागलेली गोडी गेली नाही. कोरेगाव पार्क आणि मुंढव्याच्या पट्ट्यात ‘इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी’ आणि ‘इफिनगट’ आल्या, हडपसरच्या अमनोरा मॉलमध्ये ‘टीजेज ब्रू वर्क्स’ होतीच, आणि काही वर्षांत बाणेर-बालेवाडीपर्यंत तांब्याच्या आणि स्टीलच्या टाक्या पोहोचल्या.

यांपैकी ‘इंडिपेंडन्स’विषयी मी सविस्तर लिहिते, कारण पुण्यातील क्राफ्ट बिअरकडे गांभीर्याने पाहायला मला याच जागेने शिकवले. मुंढव्याच्या रस्त्याला लागून असलेल्या या ठिकाणी मोकळ्यावर बसता येते, आणि पुण्याच्या हिवाळ्यात तीच तिथली सर्वांत चांगली जागा होय. येथील ‘फोर ग्रेन सेझाँ’ मी नवख्या पाहुण्यांनाही निःशंकपणे सुचवते. सेझाँ हा बेल्जियमच्या शेतांवर जन्मलेला प्रकार आहे. शेतमजुरांना उन्हाळ्यात पिता यावी अशी, कोरडी आणि तहान भागवणारी ही बिअर असायची, आणि तिच्यातला मिऱ्यासारखा तिखटपणा कोणत्याही मसाल्यातून न येता यीस्टमधूनच येतो. मुंढव्यातल्या ग्लासात हा तिखटपणा आधी नाकाला जाणवतो, मग धान्याचा हलका गोडवा येतो आणि घोट गिळल्यावर जीभ स्वच्छ राहते. त्यामुळे तळलेल्या बोंबलासारख्या खमंग पदार्थाबरोबर ती इतर कोणत्याही बिअरपेक्षा जास्त शोभते, असे माझे मत आहे.

‘मेथड टू मॅडनेस’ ही त्यांची आयपीए, म्हणजे हॉप्स जास्त घातलेली कडवट बिअर, मात्र सगळ्यांना आवडेलच असे नाही. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, कडवटपणा तिच्यात लपवलेला नाही. पहिल्या दोन घोटांत संत्र्याच्या सालीचा आणि देवदाराच्या डिंकाचा वास येतो, आणि त्यानंतर जिभेच्या मागच्या बाजूला कडूपणा रेंगाळतो. कारल्याची भाजी आवडीने खाणाऱ्या माणसाला ही बिअर लवकर जमते, हा माझ्या घरातला अनुभव आहे. कोकोचा सुगंध असलेली ‘इक्सकाकाओ’ पोर्टर, म्हणजे भाजक्या धान्याची गडद बिअर, मला जेवणानंतर आवडते. जेवणाबरोबर ती जड होते. फळ्यावरची यादी बदलत राहते, त्यामुळे जाण्याआधी चौकशी केलेली बरी. लहान ग्लासांत चार-पाच बिअर चाखून मग एक निवडण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे, ती जरूर वापरावी.

महाराष्ट्राच्या मातीतले पदार्थ बिअरमध्ये आणण्याचे जे प्रयत्न पुण्यात झाले, त्यांचे मला विशेष अप्रूप आहे. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) आणि हॉप्स बऱ्याच अंशी परदेशातून येतात. त्यामुळे ‘स्थानिक’ या शब्दाला खरा अर्थ यायचा तर काहीतरी इथले पडायला हवे. नकुल भोसले यांच्या ‘ग्रेट स्टेट एल वर्क्स’ने मीठ घातलेली कोकमाची एल (बिअरचाच एक प्रकार) काढली, तेव्हा तो नुसता रंगाचा खेळ नव्हता. सोलकढी आणि कोकम सरबत ज्यांच्या जिभेवर आहे त्यांना आंबट, खारट आणि तुरट यांचा तो मेळ लगेच ओळखीचा वाटतो, आणि मीठ घातलेल्या आंबट बिअरचा हा जर्मन प्रकार आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठीच बनला असावा असे वाटू लागते. बिअरच्या सख्ख्या शेजारी बसणारे मीड, म्हणजे मध आंबवून केलेले पेय, बाजारात आणणारी ‘मूनशाइन मीडरी’ही पुण्याचीच. रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांनी ती उभी केली. सफरचंदाचे मीड मला गोड वाटते; कॉफीचे मात्र आवर्जून घ्यावे.

आता तक्रारीकडे वळते. गेल्या काही वर्षांत शहराच्या पश्चिमेला इतकी ठिकाणे उघडली की प्रत्येक टाकीमागे जाणता ब्रुअर उभा असेलच, याची खात्री उरलेली नाही. बालेवाडीतील एका झगमगीत ठिकाणी मला दिलेल्या लागरला, म्हणजे थंडाव्यात आंबवलेल्या बिअरला, लोण्याचा ठळक वास येत होता. हा दोष डायअसिटिल नावाच्या रसायनाचा असतो. आंबवण सुरू असताना यीस्ट ते तयार करते आणि पुढचे काही दिवस शांतपणे मिळाले तर स्वतःच ते परत शोषून घेते. शनिवारची गर्दी भागवण्यासाठी टाकी वेळेआधी रिकामी केली की तो वास ग्लासात येतो. नळ्या नीट धुतल्या नसल्या तरीही येतो. वाढप्याला विचारल्यावर ‘आमच्याकडे अशीच असते’ एवढेच उत्तर मिळाले. माझा आक्षेप त्या मुलावर नाही. त्याला ग्लास कसा धरायचा हे शिकवले होते, ग्लासात काय आहे हे कोणी शिकवले नव्हते. त्याच ग्लासाच्या आतल्या बाजूला बुडबुड्यांचे पुंजके चिकटून राहिले होते, आणि ती ग्लास स्वच्छ न धुतल्याची सरळ खूण आहे. स्वच्छ ग्लासात बुडबुडे वर जातात, आणि प्रत्येक घोटानंतर फेसाचे एकेक वलय काचेवर उरते.

म्हणून नव्या ठिकाणी गेल्यावर मी एकच प्रश्न विचारते: ही बिअर केगमध्ये (पिंपात) किंवा टाकीत कधीपासून आहे? ताजी, न गाळलेली आणि पाश्चराइज न केलेली बिअर काही आठवड्यांतच उतरणीला लागते. गव्हाची तर आणखी लवकर. जिथे तारीख लगेच सांगितली जाते तिथली बिअर सहसा चांगलीच निघते. ज्या गव्हाच्या बिअरवर पुण्याचा निम्मा धंदा चालतो, तिची पारखही यावरून होते. तिच्यातला केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमधून येतो, वरून काही घातलेले नसते, आणि बिअर शिळी होऊ लागली की आधी हेच वास मावळतात. मागे मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव उरते, आणि लिंबाची फोड लावून ती झाकली जाते.

आवाजाविषयीही लिहायला हवे. ज्या बिअरमध्ये लवंगेचा वास शोधायचा, ती कानठळ्या बसवणाऱ्या संगीतात ठेवून काय साधते, हे मला आजवर कळलेले नाही. शेजाऱ्याशी बोलायला ओरडावे लागते, आणि ओरडणारा माणूस भराभर पितो. बिल वाढते, पण चव लक्षात राहत नाही. बालेवाडी हाय स्ट्रीटवर हा आवाज चार भिंतींच्या आतही राहत नाही. बाणेर आणि बालेवाडी ही गावे १९९७ मध्ये महापालिकेत आली, हिंजवडीच्या आयटी कंपन्यांमुळे तिथे टोलेजंग इमारती उठल्या, आणि ज्या रस्त्यांवर रहिवासी होते त्याच रस्त्यांवर गच्चीवरचे बार आले. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच लिहिलेले आहे. आतल्या दोन माणसांच्या साध्या गप्पाही याहून मोठ्या असतात. तिथले रहिवासी तक्रार करतात तेव्हा त्यांना ‘रात्रजीवनाचे शत्रू’ ठरवणे अन्यायाचे आहे. घर आधी त्यांनी घेतले होते.

पाण्याचाही हिशेब आहे. चांगली चालणारी ब्रुअरीसुद्धा एक लिटर बिअरसाठी चार ते सात लिटर पाणी वापरते, कारण टाक्या, नळ्या आणि केग धुण्यातच बराच भाग जातो. ज्या भागातील सोसायट्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगा मोजतात, तिथे धुण्याचे पाणी परत वापरणाऱ्या मालकाला मी ग्राहक म्हणून झुकते माप देईन. उकडून उरलेला बार्लीचा चोथा अनेक ब्रुअऱ्या गोठ्यांना देतात, ही गोष्ट मात्र मनापासून कौतुकाची आहे. प्रथिने आणि तंतू भरपूर असल्याने गाई-म्हशी तो आवडीने खातात.

आणि शेवटी परतीचा रस्ता. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका अल्पवयीन मुलाने भरधाव चालवलेल्या महागड्या गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. अपघाताआधी तो मुलगा मित्रांबरोबर मद्य पीत होता, हे तपासात पुढे आले. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची असूनही शहरातील किती ठिकाणी ओळखपत्र मागितले जात होते, हे नियमित जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यानंतर परवान्यांवर कारवाई झाली, बार बंद करण्याची रात्री दीडची वेळ काटेकोर पाळली जाऊ लागली, आणि दारावर वय तपासणे वाढले. दारावर ओळखपत्र मागणाऱ्या माणसावर चिडणारे ग्राहक मी पाहते, तेव्हा मला त्या दोन मुलांच्या आईवडिलांची आठवण होते. वय तपासणे हा चांगल्या सेवेचा पहिला निकष मी मानते, आणि जिथे ते होत नाही तिथली बिअर कितीही उत्तम असली तरी शिफारस करत नाही.

पण नुसत्या तपासणीने काम भागत नाही. दीड वाजता एका रस्त्यावरची सगळी ठिकाणे एकदम बंद होतात, शेकडो माणसे एकाच वेळी रस्त्यावर येतात, आणि त्या वेळी ना बस असते ना मेट्रो. अॅपवरच्या टॅक्सीचे भाडे दुपटीवर गेलेले असते आणि रिक्षावाला मीटरला हात लावायला तयार नसतो. आम्ही मैत्रिणी असलो की दोघींच्या घरांची दिशा एक असेल तरच उशिरापर्यंत थांबतो, कारण मुंढव्याहून सिंहगड रस्त्यापर्यंत एकटीने जाण्याचा तो पाऊण तास आधीच्या साऱ्या संध्याकाळचा आनंद खाऊन टाकतो. रात्री उशिरा ठरावीक मार्गांवर पीएमपीच्या चार बस फिरल्या तरी दुचाकीवर बसणारे कितीतरी लोक बसकडे वळतील. बारमालकांनीही एकत्र येऊन ठरावीक भाड्याच्या गाड्या ठेवाव्यात. डीजेवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने हा खर्च फार नाही.

सध्या जाणाऱ्यांसाठी माझा सल्ला असा. मुंढव्याला शनिवारऐवजी मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी सात वाजता पोहोचावे. वनाजहून रामवाडीकडे जाणारी मेट्रो कल्याणीनगरला थांबते आणि तिथून नदीपलीकडे रिक्षाने फार वेळ लागत नाही. त्या वेळी ब्रुअरी शांत असते, ब्रुअर किंवा त्याचा सहकारी टाक्यांजवळ सापडतो आणि विचारले तर आनंदाने बोलतो. आधी सेझाँ घ्यावी, मग जे नवे असेल ते लहान ग्लासात, आणि मेट्रोची शेवटची गाडी मिळेल अशा बेताने दहाच्या आत बिल मागवावे. ज्यांना घरीच निवांत प्यायची आहे त्यांनी ग्राउलर, म्हणजे ताजी बिअर भरून नेण्याची मोठी बाटली, मिळतो का, हेही विचारावे; २०२० च्या टाळेबंदीत राज्य सरकारने मायक्रोब्रुअरींना ताजी बिअर अशी भरून द्यायची मुभा दिली होती आणि त्यामुळे अनेकांना ती सवय लागली. भरून आणलेला ग्राउलर फ्रीजमध्ये उभा ठेवावा, दोन दिवसांत संपवावा आणि एकदा उघडला की त्याच रात्री संपवावा.