खोडलेले शब्द परत येतात: एका ई-मेल प्रोग्रॅमसोबत आठ महिने

मार्चमध्ये हा प्रोग्रॅम संगणकावर घेतला तो मुद्रितं तपासण्याच्या कामासाठी. दिवाळी अंकांची धावपळ आता संपली, म्हणून सावकाश लिहितेय. नाव मुद्दाम देत नाही. शोध झटपट लागतो, नेट नसतानाही जुनी पत्रं उघडतात, चारही खाती एका जागी दिसतात. याबद्दल काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते सजावटीच्या बटणांबद्दल. ठळक, तिरपं, रंग, खोडरेघ असं सगळं वर मांडून ठेवलंय, मग मीही भाबडेपणाने वापरलं. चुकीच्या शब्दावर खोडरेघ, पुढे लाल रंगात बरोबर शब्द. जुलैत एका संपादकांना अशा चाळीसेक दुरुस्त्या मेलमध्येच लिहून पाठवल्या. त्यांच्याकडे मेल साध्या मजकुरात उघडतो. रंग गेला, रेघ गेली आणि खोडलेला शब्द बरोबर शब्दाशेजारी सुखाने नांदू लागला: ‘शिर्षक शीर्षक’, ‘दिपावली दीपावली’. त्यांचा फोन आला, "मॅडम, दुरुस्त्या पाठवल्यात की चुका?"

झालं असं की असा मेल बहुधा दोन प्रतींत जातो, एक सजवलेली, एक साधी. समोरचा कुठली वाचणार ते आपल्या हातात नसतं. माझा प्रोग्रॅम साध्या प्रतीत ठळक शब्दाला दोन्हीकडे तारका लावून देतो, खोडरेघेसाठी मात्र काहीच ठेवत नाही. व्हॉट्सअॅपच्या सवयीने हाताने तारका टाकून पाहिल्या, तर त्या सजवलेल्या प्रतीत तारकाच राहिल्या.

कवितेचे हाल वेगळे. एका कवितेची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा चार जागा आत होती. सजवलेली प्रत ज्या भाषेत लिहिली जाते त्या एचटीएमएलमध्ये लागोपाठच्या मोकळ्या जागा एकच धरल्या जातात. पेस्ट केली तेव्हा पायऱ्या होत्या, पोचली तेव्हा भिंत.

फॉन्टही मेलसोबत जात नाही, फक्त त्याचं नाव जातं. मी मंगलमध्ये लिहिलेलं कुणाच्या आयफोनवर कोहिनूरमध्ये दिसतं, कुणाच्या अँड्रॉइडवर नोटोमध्ये. ते चालतं. पण जुन्या, युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची समान संकेतपद्धत) नसलेल्या फॉन्टमधला लेख कुणी पेस्ट करून पाठवला, तर साध्या प्रतीत रोमन अक्षरांचं कडबोळं उरतं. तिरप्या अक्षरांचं तर नावच नको. बहुतेक देवनागरी फॉन्टांत खरं इटॅलिक नसतंच, प्रोग्रॅम सरळ अक्षरंच कलती करतो. रफार, अनुस्वार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर कललेले पाहून मुद्रितशोधकाचा जीव वरखाली होतो.

एकदा कुतूहलाने मेलचा सोर्स, म्हणजे पडद्यामागचा कच्चा मजकूर, उघडला. एका ‘अ’साठी तिथे नऊ चिन्हं! मेल पोचवण्याच्या पद्धतीचे, एसएमटीपीचे, 1982 सालचे नियम सात बिटांच्या, म्हणजे साध्या रोमन अक्षरांपुरते होते. बाकीच्या लिप्यांची आणि सजावटीची सोय माइम या पुढच्या नियमावलीमुळे 1992 मध्ये झाली, तीही त्याच जुन्या वाटेवरून सामान बांधून नेण्याची.

आता मी दुरुस्त्या अशा लिहिते: ‘पान 14, ओळ 6: शिर्षक नको, शीर्षक हवं.’ कविता पीडीएफ करून जोडते. वेळ जास्त जातो, फोन मात्र येत नाहीत. पाचपैकी तीन तारे देईन. खोडरेघेचं बटण दाबताना ‘ही साध्या मजकुरात दिसणार नाही’ एवढी एक सूचना आली असती, तर चार दिले असते.