पिकअप घेतली, तीन वर्षं झाली, खरं ॲव्हरेज सांगतो

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातनं गूळ भरून वाशी आणि रत्नागिरी, एवढंच आमचं रूट. सेल्समननं सांगितलेलं ॲव्हरेज विसरा, मी टाकी फुल ते टाकी फुल मोजतोय. हायवेला साठच्या स्पीडनं, दीड टन मालावर लिटरला १३ किलोमीटर पडतंय, आंबा घाटातनं गेलं की १० वर येतंय, आणि ऐंशीच्या वर पळवली की डिझेल नुसतं पाण्यासारखं जातंय बघा.

इंजिनचं काम नाही निघालं अजून. पण बीएस६ हाय, म्हणजे धुराच्या नव्या नियमातली, त्यामुळं डीपीएफचं, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं, लक्षात ठेवा. मध्ये महिनाभर गाडी यार्ड ते शिरोली एवढीच फिरली, सायलेन्सर नीट तापतच नव्हता, काजळी साठून डीपीएफची लाईट लागली आणि गाडीची ओढ पार बसली. सर्व्हिसवाल्यानं लगेच मोठं बिल सांगितलं, मी म्हटलं थांब जरा, निपाणीपर्यंत एका दमात पळवून आणली, काजळी जळाली, लाईट गेली! नेहमी जमेलच असं नाही, लाईट लाल झाली तर मात्र गॅरेजच गाठा.

स्प्रिंगच्या पाट्यात जादा पान टाकून अडीच टन भरणाऱ्यांनी ॲव्हरेज विचारूच नये.

गावातल्या गावात भाडी मारणार असला तर डिझेल घेऊ नका, सीएनजी बघा.