मत न दिलेलं सरकार, एक वर्ष वापरून : ३ स्टार

या साहेबांना मी मत दिलं नव्हतं, पुढच्या वेळीही देणार नाही, तरी तीन स्टार. लायसन्स रिन्यू करायला आधी तीन खेटे पडायचे, यावेळी घरबसल्या झालं, ओटीपी दोनदा अडकला तेवढंच. खरं सांगू, मनात येत होतं की साइट झोपावी म्हणजे ग्रुपवर टोमणा मारता येईल, पण मग लटकलं असतं ते माझंच लायसन्स ना! अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपद सोडताना थोरल्या बुशनी १९९३ ला, निवडणुकीत ज्याने हरवलं त्या क्लिंटनसाठीच चिठ्ठी ठेवली होती, तुमचं यश तेच देशाचं यश अशा अर्थाची. एवढं मोठं मन नाही बाबा माझं. रस्ते, पाणी, महागाईत साहेब पास होऊदेत, विरोधकांची तोंडं बंद करण्यात मात्र सपशेल आपटूदेत, दोन स्टार त्याचेच कापलेत.